घरातलं एक माणूस

ज्या वर्षी आमच्या भाच्याचं लग्न झालं आणि आम्हा दोघी आत्यांना कुणी बोलावलं नाही, त्याच वर्षी आमच्या ऑफिसात सगळ्यांचा आजारपणाचा विमा उतरवला. लग्नाची बातमी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कळली, नवऱ्या मुलाचा कोट त्यानं शिवला होता. विम्याची बातमी एका पाकिटातून कळली. पाकीट काउंटरवर पडलं होतं, त्यावर माझं नाव छापलं होतं. हातातलं ओलं फडकं मी खांद्यावर टाकलं, बोटं कोरडी केली आणि ते उघडलं. आत पत्त्याच्या पानासारखं गुळगुळीत कार्ड. वर माझं नाव, खाली आणखी एक नाव. मी अक्षरं उशिरा शिकले, पन्नाशी उलटल्यावर. त्यामुळे शब्द मला अजून एका नजरेत उचलता येत नाही. जिना चढल्यासारखी एकेका अक्षरावर पाय देत जाते. पहिल्याच पायरीला कळलं की हा जिना माझ्या ताईकडे जात नाही. तरी शेवटपर्यंत चढले. वर माझा नवरा उभा होता. तो मला सोडून गेला तेव्हा हा भाचा रांगत होता. आता भाचा बोहल्यावर चढून उतरला, आणि नवरा परत आला तो असा, माझ्या नावाखाली, छापील, टापटीप, जणू सकाळीच भाजी आणायला बाहेर गेला होता.

माझ्यामागे ते यंत्र सुंसुं करत होतं. आमच्याकडे प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर असं एकेक यंत्र ठेवलेलं आहे, वाटीएवढं, गोल. त्यातून लांबच्या पाण्यासारखा आवाज येत राहतो, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. आमचं ऑफिस म्हणजे फरशीच्या दुकानावरचा मजला. लोक येतात, आत बसतात, मनातलं बोलतात, तास संपला की डोळे पुसून जिना उतरतात. हा मोठा धंदा आहे हे मला कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं. ताईला तर शेवटपर्यंत वाटलं नाही. "बोलाचीच कढी नि बोलाचाच भात," ती म्हणायची, "आणि ताटं उचलायला तू." मी ताटं उचलत नव्हते, पण बाकी सगळं तेच. फरशी पुसायची, कुंड्यांना पाणी घालायचं, टेबलावरचे कागदी रुमाल संपले की नवा डबा ठेवायचा, संध्याकाळी बैठकीच्या खोलीतला पांढरा फळा पुसायचा. शिवाय एक नियम पाळायचा, तो ऑफिस चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. इथे येणारं माणूस रस्त्यात, बाजारात, कुठेही दिसलं, तरी ओळख दाखवायची नाही. त्यांनी दाखवली तरच आपण दाखवायची. मला हा नियम जड गेला नाही. आमच्या भावानं आणि वहिनीनं तो आमच्यावर आधीच वापरून बघितला होता.

विम्याचं निघालं ते एका तरुण डॉक्टरणीमुळे. ती आमच्याकडचं काम सोडून एका खाजगी दवाखान्यात गेली आणि जाताना म्हणाली, तिथे आजारपणाचा विमा मिळतो. मॅडमच्या ते मनाला लागलं. त्या वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगते. कुणाचं दुखलंखुपलं की त्यांचा चेहरा खरंच उतरतो. पण त्यांना प्रत्येक गोष्ट आधी हळुवार करून घ्यायची सवय. साधा दिवा गेला तरी त्या विचारतात, अंधाराचं कुणाला काही वाटतंय का. तर त्यांनी विमावाल्याला बोलावलं. तो पोट सुटलेला, घाईतला, हसरा माणूस. त्यानं बसल्या बसल्या बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, गटाचा विमा हवा तर निदान सात डोकी लागतात. तुमची सहाच भरतात."

"आमचा धंदाच डोक्यांचा, आणि डोकंच कमी पडलं," दाढीवाले म्हणाले. दाढीवाले म्हणजे आमच्याकडचे दुसरे मोठे डॉक्टर. ते विनोद करतात आणि मग स्वतःच गंभीर होतात.

विमावाल्यानं पेनानं माझ्याकडे दाखवलं. मी कुंडीतली वाळलेली पानं खुडत होते. "या मावशी कोण?"

तोवर मी तासाच्या पगारावर होते. दुसऱ्या दिवसापासून कायम झाले. इतकी वर्षं जे माझ्या राबण्यानं झालं नाही, ते माझ्या डोकं असण्यानं झालं. विमावाला म्हणाला, प्रत्येक डोक्यामागे घरातलं एक माणूस घेता येईल, सगळा भार ऑफिसचा. घरातलं एक माणूस. ते शब्द मी दिवसभर तोंडात धरून ठेवले, विरघळू न देता. कारण त्या वर्षी ताईचा दम जिन्याच्या मधल्या वळणावरच संपायला लागला होता. ती कठड्याला टेकायची आणि खालून येणाऱ्याला म्हणायची, "जा बाबा पुढे, मी हवा खातेय." जिन्यात हवा नव्हती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. सरकारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की दार नीट लागत नाही म्हणून रक्त मागे फिरतं. ताई म्हणाली, "आमच्या घराचंही दार तसंच आहे, काही बिघडलं नाही इतकी वर्षं."

आई गेली तेव्हा मी अंगावर पीत होते आणि भाऊ नुकता चालायला लागला होता. ताई तेव्हा नहाण आलेली पोर, बस. ती लॉन्ड्रीत लागली इस्त्रीला आणि तिनं उभं आयुष्य तिथे काढलं, अगदी शब्दशः, कारण त्या लॉन्ड्रीत इस्त्रीवाल्यांना स्टूल देत नसत. तिच्या कपड्यांना, केसांना, तिनं हात फिरवलेल्या आमच्या उशांनासुद्धा गरम ओल्या सुताचा वास असायचा. अजून कुठे इस्त्रीची वाफ आली की माझी मान आपोआप वळते. तिनं भावाला शिकवलं. मला नाही शिकवलं. दोघांना पुरेल एवढं नव्हतं, आणि तिनं निवड केली. मी ते कधी काढलं नाही, तिनंही नाही. माझ्यासाठी तिनं दुसरं काहीतरी केलं, नवरा बघितला. लग्नासाठी आमच्या एका खोलीला तिनं स्वतः निळा रंग दिला, शिडीवर चढून, लॉन्ड्रीतून आल्यावर. नवऱ्याला राहायला जागा नव्हती म्हणून लग्नानंतर तो वर्षभर त्याच निळ्या खोलीत राहिला, ताई स्वयंपाकाच्या कोपऱ्यात निजायची. मग तो गेला. रंग राहिला.

मॅडमनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत गोल बसवलं. मलाही. पहिल्यांदाच मी त्या गोलात बसले. एरवी गोलाच्या बाहेरून खुर्च्या लावायची. मॅडम म्हणाल्या, "हा विमा आपल्याला नुसता कागदावर उतरवायचा नाही, मनातही उतरवायचा आहे. डोळे मिटा. समजा, एक छप्पर आहे. त्याखाली तुमच्याशिवाय एकाच माणसाला जागा आहे. कुणाचा चेहरा दिसतो?" मी डोळे मिटले. बाहेरचं यंत्र सुंसुं करत होतं. दाढीवाले म्हणाले, "आई." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "माझं मांजर." सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उठून फळ्यावर लिहिलं, मांजर. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझी ताई." मॅडमनी विचारलं, सांगाल का तिच्याविषयी. मी सांगितलं. किती सांगितलं ते आता आठवत नाही, पण इस्त्रीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, झडपेचं सांगितलं. बोलताना माझा हात आपोआप रुमालांच्या डब्याकडे गेला. तो डबा मीच सकाळी ठेवला होता. दाढीवाल्यांनी मान हलवली. काउंटरवरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, हे इथे ठेवल्याबद्दल आभार. ताईंना जागा आहे." आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं. ताई. काळ्या शाईत, शिकलेल्या माणसाच्या वळणदार हातानं.

हा शब्द मी कधी लिहिलेला पाहिला नव्हता. अक्षरं आल्यावर मी दुकानांच्या पाट्या वाचल्या, बसचे नंबर वाचले, औषधाच्या बाटल्या वाचल्या, पण ताई कुठे लिहिलेली असते? आणि मी जिथे काम करत होते तिथे जे बोललं जाई ते सगळे खरं धरत. कुणी म्हणे, मी आतून मेलोय, तर त्याला कुणी म्हणत नसे की अरे, तू तर श्वास घेतोयस. बोललेलं खरं, आणि लिहिलेलं तर त्याहून खरं. मला वाटलं, झालं. विमा असाच उतरवत असतील. आधी गोल, मग फळा, मग कार्ड. संध्याकाळी फळा पुसताना मी तो कोपरा तसाच ठेवला. पुढचे कितीतरी दिवस मी त्या शब्दाच्या कडेनं फडकं फिरवायची. एकदा दाढीवाल्यांनी काहीतरी आकृती काढायला सगळा फळा पुसला, तेव्हा मी फडकं घेऊन दारातच उभी राहिले. मग स्वतःलाच समजावलं, आता कुठेतरी पक्क्या कागदावर गेला असेल. मांजराचं नाव फळ्यावर आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण ज्याची गरज असते त्याला मांजर दिसत नाही.

त्याच दिवशी घरी जाऊन मी ताईला म्हटलं, "तुझं झालं." ती कांदा चिरत होती. म्हणाली, "माझं केव्हाच झालंय." मी म्हटलं, "तसं नाही गं. विम्यात तुझं नाव लिहिलं. चांगल्या दवाखान्यात होणार ऑपरेशन, स्वतंत्र खाट, पंखा, सगळं." तिनं विळी आडवी केली. "कुणी लिहिलं?" "मॅडमनी. माझ्यासमोर." "तू वाचलंस?" "वाचलं." ताईनं मला नीट पाहिलं. मी वाचलं म्हटल्यावर तिचा प्रश्नच संपला. तिला अक्षर येत नव्हतं, आणि मी शिकले याचा तिला इतका अभिमान होता की ती दुकानदाराला मुद्दाम सांगायची, पावती हिच्याकडे द्या, ही वाचते. आता मोठ्या दवाखान्यात, फुकटच्या, तिचा नंबर जवळ आला होता. पुढच्याच आठवड्यात भरती व्हायला बोलावलं होतं. त्या दवाखान्याची तिला धास्ती होती. तिथे एका खाटेवर दोन बायका पायाशी डोकं करून झोपलेल्या तिनं पाहिल्या होत्या. ती गेली आणि नाव नोंदवायच्या खिडकीतल्या माणसाला म्हणाली, माझं नाव काढा, माझी सोय झाली, कुणा गरीबाला द्या ही जागा. कुणा गरीबाला. घरी येऊन तिनं मला हे दोनदा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला गरीब म्हटलं होतं, आणि त्या शब्दाची चव तिला आवडली होती.

तर मी काउंटरपाशी कार्ड धरून उभी. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे कुणी दिलं नाव?" ती म्हणाली, "मीच दिलं, मावशी. विमावाला फोनवर घाई करत होता, तुमच्या जुन्या फायलीत नवऱ्याचं नाव होतं, ते दिलं. का, चुकलं का स्पेलिंग?" मी इथे लागले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, नवऱ्याचं नाव? बाईला सगळीकडे विचारतात. मी दिलं होतं, जसं पायपुसण्याला पाय पुसून आत जातो तसं. "तुझ्या कार्डावर कोण आहे?" मी विचारलं. "बाबा." "आणि मांजर?" ती हसली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू जागच्या जागी विझलं. "मावशी, ते आपलं... ते मॅडमचं असतं ना नेहमीचं." मला तिचा राग आला नाही. तिला त्या गोलातलं खरं आणि बाहेरचं खरं यातला फरक माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. तो फरक कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला शाळेत जायला मिळालं त्याला तो तिथेच कुठेतरी मिळत असावा, डब्याच्या सुट्टीत वगैरे.

मॅडमनी लगेच विमावाल्याला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता, खरंच. विमावाला म्हणाला, "नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील. बहीण बसत नाही, मावशी. कुठल्याच विम्यात बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?" मी म्हटलं. "माझ्या घरात तीच बसते. हा बसत नाही."

"ते बरोबर आहे हो, पण कागदाला काय कळतं? सुरुवातीला मला सांगितलं असतं तर... ताई किती मोठ्या तुमच्यापेक्षा? बऱ्याच मोठ्या असतील तर आई म्हणून टाकल्या असत्या. कोण येतंय बघायला?"

"छे," मॅडम म्हणाल्या. "असलं खोटं आपल्याकडे चालायचं नाही. इथे आपण लोकांना खरं बोलायला शिकवतो."

"मग याचं नाव काढा," मी म्हटलं.

"काढून काय मिळणार?" विमावाला म्हणाला. "आता वर्षभर बदल होत नाही. आणि मावशी, नवरा आहे ना हयात? मग असू द्या की. नाव असल्यानं काय टोचतंय?" तो उठला, त्याला दुसरीकडे जायचं होतं. जाताना त्यानं जिन्यात वळून मला नमस्कार केला. कार्ड झालेल्या बाईला करतात तसा.

मॅडम मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. "मावशी, आज तुम्ही माझ्याशी बोला. एक तास. फी वगैरे काही नाही." त्यांनी दार लावलं. मी त्या खुर्चीत बसले, लोक बसतात त्या. इतकी वर्षं तिची गादी झटकली, पण बसल्यावर कळलं की ती फार खोल आहे, माणूस आत जातो आणि गुडघे वर येतात. आतून यंत्राचा आवाज येत नव्हता. मला वाटायचं आतही येत असेल. नाही. तो फक्त बाहेर उभ्या असलेल्यांसाठी असतो. मॅडमनी विचारलं, "आत्ता काय वाटतंय तुम्हाला?" मला वाटत होतं की उठून फळा भिंतीवरून काढावा आणि खालच्या फरशीवाल्याला नेऊन द्यावा, आणि सांगावं, याच्यावर भाव लिही, मापं लिही, जे असेल ते लिही. मला वाटत होतं की दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाचे पाय धरावेत. मला वाटत होतं, ही बाई किती स्वच्छ आहे, हिच्या हातून एकही गोष्ट वाईट झालेली नाही. कुंडीतलं पान हलत होतं. मॅडम थांबल्या होत्या. थांबणं त्यांना छान येतं, त्याचीच फी असते. शेवटी मला त्यांचीच दया आली. मी म्हटलं, "बरं वाटतंय आता." त्यांनी श्वास सोडला. तास व्हायच्या आधीच त्यांनी दार उघडलं, आणि मी जाऊन पुढच्या माणसासाठी गादी झटकली.

ताईला सांगायला मी दोन संध्याकाळी घालवल्या, तिसऱ्या संध्याकाळी तिनंच काढलं. "तोंडाला कुलूप कशाला लावलंयस? कार्ड आलं ना? शिंप्याची बायको म्हणत होती, तिच्या भावाला अशी कार्डं येतात." मी कार्ड तिच्या हातात दिलं. ती ते उलटंसुलटं करून बघू लागली, त्याचा गुळगुळीतपणा अंगठ्यानं चाचपून. "माझं नाव कुठलं?" मी बोट ठेवलं नाही. मी सगळं सांगितलं. फळ्याचं, मांजराचं, बहीण बसत नाही याचं. मला वाटलं ती रडेल किंवा मला बोलेल. ती हसायला लागली. आधी बारीक, मग दम लागेपर्यंत, भिंतीला हात टेकून. "मांजर!" ती म्हणाली. "अगं बारके, मांजराच्या रांगेत उभं केलंस मला!" मग बराच वेळ श्वास सापडेना, मी पाठ चोळत राहिले. पाठीतली हाडं हाताला लागत होती. श्वास आल्यावर ती म्हणाली, "चल, उद्या जाऊ खिडकीत. पुन्हा नाव लिहू." आम्ही गेलो. खिडकीतल्या माणसानं नाव लिहून घेतलं, यादीच्या अगदी शेवटी. त्याला ताई आठवत होती. "तुमची तर सोय झाली होती ना, आजी?" "झाली होती," ताई म्हणाली, "पण मांजराची आधी लागली." त्याला काही कळलं नाही. परतताना ताई बसमध्ये एकदाच बोलली. "माझं नाव तू खरंच वाचलं होतंस ना गं?" मी म्हटलं, वाचलं होतं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

कार्ड मी साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं. ते तिथे नाही हे मला कळलं ते ऑफिसात. एका सकाळी काउंटरवरची मुलगी धावत आली. "मावशी, अभिनंदन! तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशन मंजूर झालं. मोतीबिंदूचं. एका दिवसात मंजूर, बघा!" मॅडमही बाहेर आल्या, दोन्ही हातांत माझा हात घेतला. "कुणाच्या तरी उपयोगी पडलं, मावशी. मला फार अपराधी वाटत होतं." त्यांचे हात ऊबदार होते. मी त्यांच्याकडे बघून हसले असेन, कारण त्या समाधानानं आत गेल्या. मी मात्र तशीच घरी आले, फडकं खांद्यावरच होतं ते जिन्यात लक्षात आलं.

"तू दिलंस त्याला?"

"दिलं," ताई म्हणाली. ती माझा कपडा इस्त्री करत होती. बसून. अलीकडे ती बसून इस्त्री करायची आणि त्याची तिला लाज वाटायची. "शिंपी म्हणाला होता, डोळे गेलेत त्याचे, हात धरून नेतात. पत्ता त्यालाच ठाऊक होता."

"तू गेलीस? त्याच्या घरी? जिने चढून?"

"एकच जिना होता."

"ताई, त्यानं मला... तुला आठवतंय ना त्यानं काय केलं?"

"मला नाही तर कुणाला आठवणार? मीच बघितला होता तो." ती कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिली, टोकाकडून मधे, टोकाकडून मधे. "जळका कपडासुद्धा मी कधी टाकला नाही, त्याचं फडकं केलं. एवढं चांगलं कार्ड वाया घालवायचं? आणि फुकट नाही दिलं. अट घातली."

"कसली अट?"

"म्हटलं, दिसायला लागलं की एकदा घरी ये. माझ्या बारकीकडे नीट बघ. तुझ्या पायी तिचं काय झालं ते उजेडात बघ, आणि मग जा. हो म्हणाला."

मी त्या रात्री जेवले नाही. ताई जेवली, आणि माझंही झाकून ठेवलं. मला तिचा इतका राग आला होता की तिचा श्वास ऐकू येऊ नये म्हणून मी उशी कानावर घेतली. आमच्या खोलीत यंत्र नव्हतं. आज आठवतं ते हेच, की तेव्हा मला तो आवाज नको होता.

खिडकीतून बोलावणं आलंच नाही असं नाही. आलं. पण भरती होण्याआधी तपासण्या होत्या, आणि तपासण्यांना व्हरांड्यात बसायचं होतं. बाकावर जागा नव्हती. एका बाईनं सरकून ताईला जागा दिली. मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ताई त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि ती बाई हलत नव्हती, तिची झोप मोडू नये म्हणून. भावाला मी कळवलं. तो आला, वहिनी आली, भाचा आला, नवी सून आली. भाचा मला म्हणाला, "आत्या, आधी सांगायचं ना, माझ्या ओळखी आहेत." त्याचा कोट छान शिवलेला होता. सगळे गेल्यावर ऑफिसातून मॅडमनी निरोप पाठवला, हवे तेवढे दिवस घ्या, आणि मी परत गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं, ताईंसाठी. मी बसले नाही. मी म्हटलं, मी खुर्च्या लावते. फळ्यावर कुणी काही लिहिलं की नाही ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी तो सगळा पुसला, कोपऱ्यांसकट.

तो आला त्यानंतर. दुपारची वेळ होती. दारात काळा चष्मा लावलेला म्हातारा, हातात चपला. मी ओळख दाखवली नाही. मला त्याची सवय आहे. त्यानंच दाखवली. "मी," तो म्हणाला. "ताईंनी सांगितलं होतं, दिसायला लागलं की ये." ताई गेल्याचं त्याला शिंप्याकडून कळलं होतं. तो आत आला आणि उभाच राहिला. मी बस म्हटलं नाही. त्यानं चष्मा काढला. डोळे पाणीदार होते, लहान मुलाचे असतात तसे, त्या सुरकुत्यांत ते परके दिसत होते. तो माझ्याकडे बघायला लागला. मीही हलले नाही. ताईनं एवढा जिना चढून हे विकत घेतलं होतं, तिच्या वाटणीच्या कार्डावर. म्हटलं, बघ. सगळं बघ. माझे हात बघ, माझे केस बघ, ही एक रिकामी उशी बघ. त्याची नजर माझ्यावरून सरकली, इस्त्रीवर गेली, खिडकीवर गेली, मग भिंतीवर, आणि तिथे थांबली. तो भिंतीजवळ गेला. निळ्या रंगाचे पापुद्रे सुटले होते, खाली कितीतरी ठिकाणी चुना दिसत होता. त्यानं हात लावला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

"रंग नवा दिलास वाटतं," तो म्हणाला. "केवढा निळा आहे गं."

"नाही," मी म्हटलं. "तोच आहे."

त्यानं मान हलवली, चष्मा लावला, आणि चपला घालून गेला. कठडा न धरता जिना उतरला.

माझी थोरली बहीण, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, भाच्याच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, एका बुधवारी सकाळी, मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या जागी वारली. नवरा हयात आहे. कार्ड अजून चालू आहे.